भुशातलं गाव

उस्ताद, मी बहरीनला मुलाकडे आलोय, आणि काल तुबलीला जाऊन आलो. मुलाला गॅरेजमध्ये गाडीचे ब्रेक दाखवायचे होते, मी म्हटलं, मीही येतो. खरं तर मला हल्ली गाडीत बसायची भीती वाटते, आणि ब्रेक दाखवायला निघालेल्या गाडीत तर जास्तच, पण तुबलीचं नाव ऐकलं आणि राहवलं नाही. आपलं वर्कशॉप आता नाही. पत्र्याची शेड नाही, मोठ्या करवतीचं मशीन नाही, मागची तुमची खोली नाही. नुसती रेती आहे आणि भोवती तारेचं कुंपण. कोपऱ्यातलं बोरीचं झाड तेवढं शिल्लक आहे, इथले लोक ज्याला कनार म्हणतात, ज्याच्या खाली बसून आपण दुपारी जेवायचो. मी मुलाला गाडी थांबवायला सांगितलं. तो म्हणाला, "अब्बा, इथे काय आहे?" मी म्हटलं, झाड आहे. "झाड तर मलाही दिसतंय," तो म्हणाला आणि घड्याळ बघत बसला. मी कुंपणाशी उभा राहून झाडावरून अंदाज बांधत होतो. झाडाच्या डावीकडे लाकडाचा ढीग, समोर मोठं बाक, बाकाच्या मागे तुमचं दार. घरं जातात, झाडं राहतात, झाडावरून घर शोधायचं असतं, हे मला तुम्ही शिकवलंत. ते इथे तुबलीत कामाला येईल असं मात्र तुम्हालाही वाटलं नसेल.

म्हणून हे लिहायला बसलो. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, चार ओळी लिहायच्या तर तीन वेळा उठून गॅस बंद आहे का ते बघतो. सून म्हणते, "अब्बा, गॅस मी पेटवलाच नाही आज." तरी बघतो. मेलेल्या माणसाला पत्र लिहावं की नाही, तेही आपल्या धर्माचा नसलेल्या माणसाला, हे कुणाला विचारावं कळेना, म्हणून कुणालाच विचारलं नाही. तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं ही त्यातल्या त्यात सोय. चुका काढणार नाही तुम्ही. चुका काढण्यात तुमचा हात धरणारा कुणी नव्हता.

कुवेतचं युद्ध संपल्यावर तुम्ही आलात. त्याआधी इराकमध्ये तुमच्या देशाच्या लोकांबरोबर बरीच वर्षं काम केलेलं, त्यामुळे अरबी यायचं, आणि हिंदी तुम्ही आम्हा कामगारांकडून उचललेलं, शिव्यांसकट. मालकाने सांगितलं, हा पोलंडचा सुतार आहे, आजपासून फोरमन. आम्हाला पोलंड कुठे आहे ठाऊक नव्हतं. स्टोअर सांभाळणारा मलबारी म्हणाला, "रशियाच्या जरा अलीकडे," आणि एवढ्यावर आमचं समाधान झालं. तुम्ही उंच, वाकलेले, भुवया पांढऱ्या. हातात एक लाकडी हातोडा, ज्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मलबारी म्हणायचा, ती उस्तादची बायको आहे, लांबून सलाम करा.

पहिल्याच महिन्यात तुम्ही मला धरलंत. रिफा भागातल्या एका मोठ्या घराचे दरवाजे होते. मी प्रत्येक दाराच्या आणि चौकटीच्या दर्शनी बाजूला पेन्सिलीने नंबर टाकले होते, आमच्याकडे सगळे तसंच करतात. पॉलिशवाल्याने काचकागद मारला आणि नंबर गेले. सगळी दारं दिसायला सारखी, पण एकही दुसऱ्याच्या चौकटीत बसेना. तुम्ही ओरडला नाहीत. एका दाराला टेकून उभे राहिलात आणि विचारलंत, "सदीक, तुम आज रात मर गया, ये दरवाजा कौन लगायेगा?" सगळे हसले. मी हसलो नाही. मला ते अपशकुनासारखं लागलं. त्या रात्री मी छातीवर हात ठेवून पडलो होतो, आणि सकाळी उठलो ते केवळ ती दारं लावण्यासाठी उठलो असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही पटाशी दिलीत आणि दाखवलंत: खूण कोरायची. जिथे सांधा बसतो त्या आतल्या बाजूला, बोटाला लागेल इतकी खोल. आकडे नाहीत, अक्षरं नाहीत, नुसते छेद, उभे आणि आडवे. माझ्या मराठी आकड्यांवर तुम्ही बोट ठेवून म्हणालात, हे तुला कळतं, मलबाऱ्याला नाही. छेद सगळ्यांना कळतात.

उस्ताद, त्या दिवसाचा माझा राग कधी गेला ते सांगतो. तुमच्या खोलीतल्या शेगडीवर तुम्ही कोबी शिजवायचात, बटाटे शिजवायचात, खिडकीत काकड्यांची बरणी आंबत ठेवलेली असायची. एका शुक्रवारी तुम्ही मला जेवायला बोलावलंत. मी दारातच घुटमळलो. तुमच्या भांड्यात काय काय शिजत असेल हे विचारायचं कसं, आणि न विचारता खायचं कसं. भिंतीवर वेगळ्या खिळ्याला एक नवीन पातेलं टांगलेलं होतं, ते काढलंत आणि त्याची मूठ माझ्या हातात दिलीत. मुठीवर दोन छेद कोरलेले. "ये पतीला मुसलमान है," तुम्ही म्हणालात. "इसमें सिर्फ तुम्हारा खाना." त्या पातेल्यात मी तुमचा कोबी किती वेळा खाल्ला. चव अशी काही नव्हती, मिरची नाही, खोबरं नाही, पण इतक्या वर्षांत परदेशात कुणी माझ्यासाठी वेगळा खिळा ठोकला नव्हता.

मग गावाहून निरोप आला की धरणाचं नक्की झालं. आमची वाडी पाण्याखाली जाणार हे मी लहानपणापासून ऐकत होतो, इतकं की ते खरं नसावं असं वाटायला लागलं होतं. आता सरकारी माणसं येऊन खांबांवर चुन्याने फुल्या मारून गेली. वरच्या माळावर नवीन जागा देणार, पावसाळ्याआधी उठायचं. माझ्या आज्याने बांधलेलं घर, किंजळीचे खांब, ऐनाच्या तुळया. माझा मेव्हणा गावाकडचं सगळं बघायचा. तो फोनवर म्हणाला, "भाई, घाटावरचा व्यापारी आलाय, जुनं लाकूड उचलतोय. देऊन टाकू. माळावर पत्र्याची शेड घालू, तुमी आरामात या." माझी बायको त्याच्या हातातून फोन घेऊन म्हणाली, "मना पत्र्याखाली नाय राहायचं." एवढंच बोलली आणि फोन कट झाला. मी मनामा शहरात, बाब अल बहरीन वेशीजवळच्या त्या फोनच्या खोक्यात तसाच उभा राहिलो. मागचा माणूस म्हणाला, "यल्ला भाय, खलास?" खलास नव्हतं, पण मी बाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी माझं कामात लक्ष नव्हतं. तुम्ही विचारलंत, मी सांगितलं. सांगताना मला रडू आलं, याची लाज अजून वाटते. तुम्ही करवत बंद केलीत. बाकावरचा भुसा दोन्ही हातांनी ओढून जमवलात आणि त्याचा एक लांब डोंगर केलात. माझा देश बघ, तुम्ही म्हणालात. पुढे कितीतरी दिवस, दुपारच्या सुट्टीत, ते गाव तुम्ही बाकावर घालत गेलात. रोज झाडूवाला साफ करायचा आणि रोज तुम्ही पुन्हा घालायचात, दर वेळी तसंच.

मला ते अजून हातावरच्या रेषांसारखं पाठ आहे. डोंगराची धार पूर्वेकडून पश्चिमेकडे, तिच्या पलीकडे दुसरा देश. धारेच्या माथ्यावर झाडं नाहीत, वाऱ्यामुळे उगवतच नाहीत, नुसतं कमरेइतकं गवत. त्याच्या खाली जंगल, जंगलात अस्वलं. दोन डोंगरांच्या मधल्या घळीत एक ओढा, तो तुम्ही बोटाने काढायचात, आणि ओढ्याच्या काठाने एका रांगेत घरं. तुमचं गाव म्हणजे एक लांब माळ होती, मणी ओवल्यासारखी. आमच्याकडे वाडी गोळा होऊन बसते, तुमच्याकडे ओढ्याबरोबर चालत जाते. प्रत्येक घराच्या मागे त्याची शेताची पट्टी सरळ वर जंगलापर्यंत. घर लांबट, एका छपराखाली माणसं, मधे खळं, टोकाला गोठा. भिंती आडव्या ओंडक्यांच्या, कोपऱ्यात एकमेकांत अडकवलेल्या, खिळा नाही. गावाच्या वरच्या अंगाला लाकडाचं देऊळ, तीन घुमटांचं. त्यासाठी तुम्ही तीन मोठे स्क्रू उभे करायचात. देवळाभोवती मोठ्या झाडांचं कडं. हिवाळ्यात बर्फ खिडकीपर्यंत. तुम्ही हाताने खिडकी दाखवायचात आणि आम्ही बहरीनच्या उन्हात, घामाने निथळत, मान डोलवायचो.

आणि गाव वसलं कसं, तेही तुम्ही सांगितलंत. फार पूर्वी मेंढपाळ लोक डोंगराच्या कण्यावरून, कळप घेऊन, दक्षिणेकडून चालत आले. राजाने सांगितलं, जंगल तोडा, राहा, काही वर्षं सारा नाही. ते राहिले. मग पोलिश बोलणारेही आले. तुमच्या आईचं देऊळ वेगळं, वडलांचं वेगळं, सण दोन वेळा, आणि तुम्ही म्हणालात, पोरांना त्यात फायदाच होता. पुढे दूरच्या एका बादशहाचं राज्य आलं, मग त्याच्या लढाईसाठी सैनिकांनी देवळाची घंटा उतरवून नेली, तोफा ओतायला. तुमच्या आजीला तिचा आवाज मरेपर्यंत ऐकू यायचा म्हणे, घंटा नसताना. उन्हाळ्यात मेंढ्या माथ्यावर, धुरावर धरलेलं चीज. शरदात बैल विकायला खाली बाजार. मी विचारलं, मासे? तुम्ही म्हणालात, ओढ्यात होते, बोटाएवढे. मला वाईट वाटलं तुमच्या गावाचं.

मग तुम्ही मला म्हणालात, आता तुझं गाव घाल. मला संकोच वाटला. पण घातलं. तुमच्या डोंगराच्या पायथ्याशी माझी नदी वळवली, तिच्या काठाला मशीद, मशिदीपुढे पायऱ्या, चिंच, आमचं घर, फणस. जागा कमी होती, त्यामुळे तुमच्या अस्वलांच्या जंगलाला लागूनच आमच्या काजूच्या बागा आल्या. मलबारी चहा घेऊन आला, बघून म्हणाला, "ये कौनसा मुल्क है?" तुम्ही म्हणालात, "मफी मुल्क. दोनो मफी." मफी म्हणजे अरबीत नाही.

तेव्हा मला उरलेलं कळलं. मोठी लढाई संपल्यावर तुमच्या डोंगरात हत्यारबंद टोळ्या लपल्या होत्या आणि सैन्य त्यांच्या मागे होतं. सरकारने ठरवलं की पोलिश सोडून दुसरी भाषा बोलणारे गावकरी त्यांना भाकरी देतात, तेव्हा गावंच रिकामी करा. सकाळी सैनिक आले. तुम्ही मिसरूड न फुटलेले. वडलांनी गाय सोडवली, कुऱ्हाड घेतली, आईने पीठ घेतलं. आगगाडीने देशाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन एका विटांच्या घरात ठेवलं, ज्यातले जर्मन लोक तसेच हाकलले गेले होते. कपाटात त्यांच्या मुरंब्याच्या बरण्या होत्या. तुमच्या आईने त्या कितीतरी दिवस उघडल्या नाहीत. म्हणायची, माझ्या बरण्या तिकडे कुणी उघडल्या तर मला काय वाटेल.

पुढे परत जायला बंदी उठली तेव्हा तुम्ही एकटे वर चालत गेलात. गाव नव्हतं. काही घरं जाळलेली, काहींचं लाकूड खालच्या गावांनी उचलून नेलेलं. पण फळझाडं फुललेली होती, ओढ्याच्या काठाने एका रांगेत, प्रत्येक घरामागची आपापल्या जागी. देवळाचं कडं होतं, मधे देऊळ नव्हतं. तुमच्या मागच्या दारचं नासपतीचं झाड तुम्ही ओळखलंत, त्याची बर्फाने मोडलेली एक फांदी घेतलीत, घराच्या कोपऱ्याच्या दगडावर बसलात आणि बरोबर आणलेला पाव खाल्लात. त्या फांदीचा तो हातोडा. उतरताना खालच्या गावात एका माणसाच्या गोठ्यापाशी तुमचे पाय थांबले. कोपऱ्यातल्या ओंडक्यांवर तुमच्या वडलांच्या कुऱ्हाडीच्या खुणा होत्या, छेद, उभे आणि आडवे. बाप सुतार, त्याने आपलं घर बांधताना कोरलेल्या. तुमचं घर. त्यात आता दुसऱ्याच्या गाई. गोठा एका बाजूला किंचित झुकलेला होता, म्हातारपणामुळे असेल असं तुम्हाला वाटलं. मालक बाहेर आला, काय पाहिजे विचारलं. तुम्ही म्हणालात, काही नाही, सांधे चांगले आहेत ते बघतोय. त्याने तुम्हाला दूध दिलं आणि तुम्ही ते उभ्याने प्यायलात.

मी विचारलं, सांगितलं का नाही? तुम्ही म्हणालात, काय सांगणार, त्याने ओंडके बरोबर लावले होते. एकही चुकलेला नव्हता. माझ्या बापाला तो ओळखत नव्हता, त्याची भाषा वेगळी, तरी बापाने सांगितलेलं त्याने ऐकलं होतं. मग तुम्ही माझ्याकडे वळलात. "सदीक, विकू नको. खुणा कोर. तू तिथे नसलास तरी घर उभं राहील."

मला सुट्टी मिळाली ती फाल्गुनात, आणि जास्त वाढवून मिळणार नाही असं मालकाने आधीच सांगितलं होतं. म्हणजे खुणा मी करायच्या आणि उतरवून पुन्हा उभं करायचं ते मेव्हण्याने. मी पटाशी घेऊन घरभर हिंडत होतो, माळ्यावर, पडवीत, न्हाणीच्या मागे. प्रत्येक खांब, प्रत्येक तुळई, प्रत्येक वासा. मेव्हणा पडवीत पान खात बसायचा. "भाई, बहरीनला जाऊन सुताराचा किडा झालाव काय? सगळं लाकूड कुरतडलंत." बायको म्हणाली, "कुरतडू दे. तुज्यानं तेवढं पण होत नाय." मी मेव्हण्याला एकेक छेद बोटाने वाचायला लावला, डोळे मिटून. तो हसत हसत वाचायचा, पण चुकायचा नाही. तरी परत येताना विमानात माझ्या मनात एकच: आडव्या पाचनंतरचा उभा छेद मी नीट कोरला की नाही. बाजूच्या प्रवाशाने मला विचारलं, पहिल्यांदा जाताय का. मी हो म्हटलं, समजावत कोण बसणार.

ती वाट बघणं मला अजून आठवतं. घर उतरवलं असा निरोप आला. लाकूड माळावर नेलं. मग काही नाही. नदीला बांध पडला, पाणी चढायला लागलं असं कुणीतरी गावाहून आलेल्याने सांगितलं. मी रोज तुम्हाला विचारायचो, झालं असेल का? तुम्ही रोज म्हणायचात, इंशाल्ला, आणि रंधा चालवायचात. तुमच्या तोंडी तो शब्द ऐकला की मला धीर यायचा, का ते माहीत नाही. शेवटी फोन लागला. बायको होती. म्हणाली, "उभं ऱ्हायलं. सगळं जिथल्या तिथं हाय. दादा बोलतो, सुताराचा किडा खरा." मी श्वास सोडला. मग ती म्हणाली, "पण एक पाय आखूड हाय. माजघरातला कोपरा बसतोय. दार आपोआप उघडतंय."

मी तिथून टॅक्सीने सरळ वर्कशॉपला आलो. शुक्रवार होता, तुम्ही बटाटे सोलत होतात. मी दारातूनच ओरडलो की घर लंगडं झालं, माझंच काहीतरी चुकलं, पडेल, पोरं आत झोपतात. तुम्ही मला बसवलंत. एकेक विचारलंत. खांब बरोबर? बरोबर. तुळया? बरोबर. "खांब के नीचे क्या?" मी म्हटलं, दगड, आमच्याकडे तळखडा म्हणतात. प्रत्येक खांब आज्याने आपापल्या दगडाच्या उंचीप्रमाणे कापलेला. "पत्थर को नंबर दिया?" दगड कुणी आणलेच नव्हते. माळावर मेव्हण्याने नवे, एकसारखे घातले होते. जुने जागेवर राहिले, आणि आता त्यांच्यावर पाणी होतं.

मला वाटलं तुम्ही दारांच्या दिवशीसारखं काही बोलाल. तुम्ही सुरी खाली ठेवलीत. मग म्हणालात, "मैं वो पत्थर पे बैठा. रोटी खाया. और तुमको नहीं बोला." तुमचं घर गेलं तेव्हाही लाकूड गेलं होतं, दगड नाही. "सदीक, वो गोठा. बूढा नहीं था. लंगडा था." आणि तुम्ही हसायला लागलात, उस्ताद. मी तुम्हाला तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. आयुष्यभर तुम्ही त्या गोठ्याच्या झुकण्याला म्हातारपण समजत होतात. तुमच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तुम्ही हसत होतात, आणि मग मलाही हसू फुटलं, घर पडायची भीती असताना.

हसणं थांबल्यावर तुम्ही उठलात. वर्कशॉप बंद होतं, तुम्ही दिवा लावलात, तो हातोडा शिकंज्यात धरलात आणि मी नको नको म्हणेपर्यंत त्याचं एक टोक कापलंत. तासून पाचर केलीत, निमुळती, तेल लावलेल्यासारखी गुळगुळीत. लाकूड आतून लालसर निघालं. माझ्या तळहातावर ठेवलीत आणि म्हणालात, घरं सगळी थोडी लंगडीच असतात, तुझ्या घराला ही काठी. शनिवारी मलबाऱ्याने आखूड झालेला हातोडा पाहिला आणि त्या दिवशी तो बायकोचा विनोद केला नाही.

पुढच्या सुट्टीत मी ती नेली. मेव्हण्याने तोवर आखूड खांबाखाली फणसाच्या लाकडाच्या पाचरी दोन्ही बाजूंनी मारून कोपरा उचलून घेतला होता, दार जागच्या जागी राहत होतं. त्या काढायच्या तर खांब उचलायला हवा, आणि ते करायची माझी छाती झाली नाही. फणसाच्या दोन पाचरींच्या मधे बोटभर फट होती, तिथे तुमची ठोकली. नीट गेली. मी परत आलो तेव्हा तुम्ही एवढंच विचारलंत, "आवाज कैसा आया?" मी म्हटलं, घट्ट. तुम्ही मान हलवलीत. दोन वर्षांनी तुम्ही कायमचे पोलंडला परत गेलात, आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात मलबाऱ्याने सांगितलं की उस्ताद गेले. त्याने तुमच्या खोलीतलं ते पातेलं मला आणून दिलं. ते गावाला आहे. बायको त्यात दूध तापवते.

ती अजून त्याच घरात राहते. मी तिला म्हणतो, चल, चार महिने मुलाकडे राहू, ती म्हणते, "मी आले तर दार कोण लावील?" मी एकटाच येतो आणि इथे बसून तिकडची काळजी करतो. एका वर्षी वैशाखात धरणाचं पाणी फार उतरलं. मी मेव्हण्याला घेऊन खाली गेलो. मशिदीच्या पायऱ्या दिसत होत्या, चिंचेचा काळा बुंधा, आणि आमच्या घराचे तळखडे, चिखलात, सगळे आपापल्या जागी. मेव्हणा म्हणाला, "भाई, उचलून नेऊ या काय? आता तरी बसवू." मी नको म्हटलं. मी कोपऱ्याच्या दगडावर बसलो. तांदळाची भाकरी आणि सुका बांगडा बांधून नेला होता, तो खाल्ला. मेव्हणा उभा राहून बघत होता, त्याला वाटलं मला चक्कर आली. मला तुमच्या गावाची धार दिसत होती, माथ्यावर गवत, खाली जंगल, आणि ओढ्याच्या काठाने फुललेली झाडं, माणूस नसलेली. त्या गावात मी कधी गेलो नाही. पण मला तिथे रस्ता चुकणार नाही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. तुमच्या गावाला पोस्टमन जात नाही, गेला तर झाडांना देणार. आणि एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे, ती इथेच लिहितो. तुमची पाचर घट्ट गेली हे खरं. पण भार तिच्यावर आहे की फणसाच्या दोघींवरच, आणि ही मधे नुसती अडकून बसलीय, हे मला ठाऊक नाही. ठोकून बघितलं तर आवाजावरून कळेल. जरा ओढली तर लगेच कळेल. दर वेळी गावाला गेलो की मी माजघराच्या त्या कोपऱ्यात खाली बसतो, तिच्यावर बोट ठेवतो, बायको विचारते काय शोधताय, मी म्हणतो काही नाही. इतकी वर्षं झाली उस्ताद, मी ती ओढून बघितलेली नाही.